शेतावर मोटरहोम लावून ख्रिसमस करायचाय? मग आधी गोठ्याचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, ६ आणि १० वर्षांची मुलं आणि आजी असे पाचजण कोल्हापूरहून १९ डिसेंबरला मेलबर्नला उतरणार, भाड्याची मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेणार, आणि २४ ते २७ डिसेंबर मेलबर्नच्या आग्नेयेला साउथ गिप्सलँडमधल्या एका डेअरी फार्मवर मुक्काम, बुकिंग झालेलं आहे. तुम्ही ख्रिश्चन नाही पण मुलांना झाड, सँटा, लायटिंग, शेकोटी सगळं हवंय, आणि तुम्हाला आजींची, सापांची आणि जेवणाची काळजी वाटतेय. मी मूळची वसईची, मेलबर्नला येऊन १७ वर्षं झाली, त्यातले ११ नाताळ आम्ही कॅरॅव्हॅनमध्ये काढलेत आणि बहुतेक कुणा ना कुणाच्या शेतावर. त्यामुळे चुका करून झालेल्या आहेत, त्याच सांगते.

सगळ्यात आधी ते, जे तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही सहज लिहून गेलात की निघायच्या आधी आठवडाभर गावी असाल आणि घरी चार म्हशी आहेत. इथेच थांबा. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग असतो, ऑस्ट्रेलियात तो १८७२ नंतर आलेला नाही, आणि तो परत येऊ नये म्हणून हा देश जिवाचं रान करतो. विमानात जे कार्ड भरायला देतात त्यात गेल्या ३० दिवसांत शेत, जनावरं वगैरेंशी संपर्क आला का असा प्रश्न असतो, तिथे खरं लिहायचं, ‘हो’ म्हटलं तर काही पकडून ठेवत नाहीत, चपला-बूट बघतात, लागलं तर धुऊन देतात. गोठ्यात घातलेल्या चपला आणूच नका, कपडे गरम पाण्यात धुऊन आणा. आणि फार्मवाल्यांना आजच मेसेज करा की आम्ही म्हशींच्या घरातून येतोय, किती दिवस गाईंपासून लांब राहू. इथले शेतकरी साधारण आठवडाभर तरी अंतर ठेवायला सांगतात, म्हणजे १९ ला उतरून २४ ला थेट गाईंना हात लावणं बसत नाही. मग वासराला बाटलीने दूध पाजायचा कार्यक्रम २७ ला सकाळी निघताना होईल किंवा होणारच नाही, मुलांना आत्ताच सांगून ठेवा. हे लपवून गेलात आणि तिथे गप्पांत आजींनी म्हशींचा विषय काढला, तर त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला बघवणार नाही तुम्हाला.

खाऊचंही तेच. लाडू, करंज्या, पेढे, लोणचं, भाकरवडी जे आणाल ते सगळं कार्डावर लिहा, मग ते ठरवतात काय आत जाईल. दुधाच्या आणि खव्याच्या मिठाया मुळात आणू नका, फेकाव्या लागल्या की आजींना वाईट वाटतं. बिया, ताजी फळं, कढीपत्त्याची डहाळी हे तर नाहीच नाही.

आता मुख्य गोष्ट. डेअरी फार्मवरचा ख्रिसमस तुमच्या वेळापत्रकाने चालत नाही, गाईंच्या चालतो. २५ तारखेलाही पहाटे पाचला धारा, दुपारी तीन-चारला परत धारा, आणि दुधाचा टँकर ख्रिसमस बघत नाही. म्हणजे मालक-मालकीण त्या दिवशी दमलेले असतात, त्यांच्या घरी त्यांचे पाहुणे असतात, आणि तुम्ही त्यांच्या पाठीमागच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या चराऊ रानात, असता. त्यांच्याकडून रिसॉर्टसारखी सरबराई मिळणार नाही, पण सकाळी धारांच्या शेडकडे लांबून बघायला या म्हणाले तर तो तुमचा ख्रिसमस. धान्याचा फार्म घेतला नाहीत हे बरं केलंत, डिसेंबरात तिकडे कापणी-मळणीचा मोसम असतो, माणसं रात्रीपर्यंत यंत्रावर, कुणाला बोलायला वेळ नाही.

मोटरहोमचं एक लोकांना फार उशिरा कळतं. छतावर एसी आहे म्हणून खुश होऊन घेतात, आणि तो एसी बहुतेक गाड्यांत २४० व्होल्टच्या बाहेरच्या वीजजोडणीवरच चालतो, बॅटरीवर नाही. फार्मवर वीज नसेल तर ३८ डिग्रीत तुम्ही पत्र्याच्या डब्यात. आधी विचारा पॉवर मिळणार का, नाही म्हणाले तर झाडाची सावली कुठे आहे ते विचारा आणि गाडी अशी लावा की दुपारनंतर सावली दाराच्या बाजूला येईल. फक्त मोठ्या जुन्या गम ट्रीच्या, म्हणजे निलगिरीच्या, अगदी खाली नको, ती झाडं वारा नसतानाही मोठमोठ्या फांद्या टाकतात. शेजारी लावा. फ्रिज गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा असेल तर गाडी सपाट उभी पाहिजे, नाहीतर थंडच होत नाही, आणि कडक उन्हात तसाही तो हात टेकतो. शिवाय तुमच्या भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेऊ नये असं कलम आहे का बघा, बहुतेकांत असतं, काहीजण कॅम्पपर्यंतच्या चांगल्या राखलेल्या छोट्या पट्ट्याला सूट देतात. गेटपासून पॅडॉकपर्यंत खडीचा रस्ता असणारच, तेव्हा कंपनीकडून लेखी घ्या. माझ्या ओळखीतल्या एकांना त्याच दोनशे मीटरसाठी फुटलेल्या काचेचे सगळे पैसे भरावे लागले.

बरं, आणि उकाडाच असेल असंही नाही. गिप्सलँडमध्ये २५ डिसेंबरला १४ डिग्री आणि भुरभुर पाऊस हे मी दोनदा भोगलंय, पोरं स्वेटरवर सँटाची टोपी घालून बसलेली. आणि एकाच दिवसात दोन्ही होऊ शकतं. उत्तरेचा वारा म्हणजे भट्टी, मग दुपारी कधीतरी तो एकदम दक्षिण-पश्चिमेला फिरतो आणि तासाभरात पंधरा डिग्री खाली. त्या फिरणाऱ्या वाऱ्याला इथे ‘चेंज’ म्हणतात. आमच्या दुसऱ्या वर्षी मी गाडीची छत्री, म्हणजे बाजूला उघडतो ना तो ऑनिंग, उघडा ठेवून टेबल मांडलं होतं, पापलेट तळून झालेलं, आणि चेंज आला तो ऑनिंगचे दांडे वाकवून कापड गाडीवर उलटं टाकून गेला, पापलेट गवतात. तेव्हापासून अंदाजात ‘चेंज’ शब्द दिसला की जेवण आत आणि ऑनिंग गुंडाळलेला.

शेकोटी. यावर जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडची सवय इथे फार महाग पडते. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न आणि तुमचा फार्म आहे त्या राज्यात, उन्हाळ्यात ‘फायर डेंजर पीरियड’ जाहीर होतो, तेव्हा साधी शेकोटीसुद्धा नियमात बसवावी लागते. वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी, आग नीट बांधलेल्या चुलीत किंवा निदान ३० सेंटिमीटर खोल चरात, आजूबाजूला आणि वर ३ मीटरपर्यंत जळण्यासारखं काही नाही, आगीचा पसारा एक चौरस मीटरच्या आत, आणि मोठं माणूस सतत हजर. विझवायची पाण्याने, माती टाकून नाही, मातीखाली निखारा तासन् तास जिवंत राहतो. हात लावून गार लागली की सोडायची. आणि ज्या दिवशी ‘टोटल फायर बॅन’ लागतो त्या दिवशी शेकोटी, कोळशाची शेगडी, बाहेर पणत्या-मेणबत्त्या काही म्हणजे काहीच नाही. गॅसचा बार्बेक्यू चालतो, तोही ३ मीटर मोकळी जागा, जोडलेला पाण्याचा पाइप नाहीतर निदान १० लिटर पाणी शेजारी आणि मोठं माणूस समोर असेल तरच. दंड आणि तुरुंग दोन्ही आहेत, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेजारच्या शेडमध्ये त्या माणसाची वर्षभराची वैरण रचलेली असते. आणि नियमात बसलं तरी मालक नको म्हणाला तर नको, वाद घालायचा नाही.

बॅन जिल्ह्यावार लागतो. तुमचा फार्म ‘वेस्ट अँड साउथ गिप्सलँड’ या जिल्ह्यात, ‘ईस्ट गिप्सलँड’ वेगळा, नावाच्या गोंधळात चुकीचं बघू नका. फोनवर ‘विकइमर्जन्सी’ ॲप टाका आणि रोज सकाळी चहाबरोबर बघा. धोक्याच्या पायऱ्या चार: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटास्ट्रॉफिक. एक्स्ट्रीम दिसलं तर मी आजी आणि मुलं घेऊन सकाळीच जवळच्या मोठ्या गावात जाते, लायब्ररी, पोहण्याचा तलाव, काहीही, आणि संध्याकाळी परत. कॅटास्ट्रॉफिकला आदल्या रात्रीच मुक्काम हलवते. घाबरट म्हणा हवं तर. २०१९ च्या ३१ डिसेंबरला मल्लाकूटा या किनाऱ्यावरच्या गावात सुट्टीला आलेली हजारो माणसं आगीमुळे समुद्राकाठी अडकली, आकाश दिवसाढवळ्या काळं-लाल, मग नौदलाचं जहाज येऊन लोकांना घेऊन गेलं. रस्ता एकच होता आणि तो बंद. त्या वर्षी आम्हीही बाहेर होतो, लांब होतो, पण धूर आमच्यापर्यंत आला होता. आणखी एक, गाडी उंच वाळलेल्या गवतावर उभी करू नका, खालचा गरम एक्झॉस्ट पुरतो पेट घ्यायला.

मुलांना शेकोटीऐवजी काय? अंधार. खरंच सांगते. डिसेंबरअखेरीस इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, नीट अंधार पडायला साडेनऊ-दहा वाजतात. त्यामुळे लायटिंगच्या माळांवर फार खर्च करू नका, त्या दिसेपर्यंत धाकटं झोपलेलं असतं. एक सोलर माळ बास. त्यापेक्षा दुपारी झोपवा आणि रात्री दहाला चादर टाकून आकाश दाखवा, इथून मृग नक्षत्र उलटं दिसतं, आजींना ते लगेच कळेल, मुलांना कळायला वेळ लागेल.

झाडाचं सोपं आहे. इथे ख्रिसमस ट्री म्हणून जे विकतात ते बहुतेक रेडिएटा पाइन, आणि शेतांच्या कडेला ते आपोआप उगवतं, मालकाला ते तण वाटतं. विचारलंत तर कदाचित करवत हातात देऊन म्हणेल, दोन घेऊन जा. बादलीत माती-दगड घालून उभं करायचं. नाहीच मिळालं तर पडलेली गमची फांदी. सजावट मुलांकडूनच करून घ्या, गमचे बोंडं, पिसं, कागद. काचेचे गोळे पॅडॉकमध्ये नको, फुटले की तुकडे गाईच्या खुरात.

आणि एक आमच्या वसईची गोष्ट करा. आमच्याकडे नाताळात घरोघरी गोठा करतात, गवत, माती, पेंढा, बाळ येशू गव्हाणीत, लहानपणी आम्ही आठवडाभर आधीपासून त्याच्यातच. मेलबर्नच्या फ्लॅटमध्ये ते कागदी वाटायचं. पहिल्यांदा फार्मवर गेलो तेव्हा मालकिणीने मूठभर वैरण दिली आणि माझ्या मुलीने खोक्यात गोठा केला, आणि पलीकडे खरा गोठा, खऱ्या गाई हंबरतायत. तुम्ही ख्रिश्चन नसलात तरी मुलांना गोष्ट सांगायला हे झाडापेक्षा जास्त कामाचं आहे असं मला वाटतं. आजींना तर गोठा काय ते समजावावंच लागणार नाही.

सँटाची एक गंमत. गावोगावच्या अग्निशमन तुकड्या म्हणजे सीएफएचे स्वयंसेवक, बरेचदा हेच शेतकरी, ख्रिसमसच्या आधीच्या दिवसांत लाल बंबावर सँटा बसवून गावातून फिरवतात आणि पोरांना गोळ्या वाटतात. तुमच्या जवळच्या गावात कधी आहे ते मालकांना विचारा, लिओनगाथा, फोस्टर, कोरमबरा जे जवळ पडेल ते. भेटवस्तू छोट्या ठेवा, मोटरहोममध्ये खोकी ठेवायला जागा नसते आणि रॅपिंगचा कागद वाऱ्यावर पॅडॉकभर जातो. कापडी पिशवीत बांधा.

जेवण. २५ ला मोठी सुपरमार्केटं बंद असतात, २४ ला दुपारपर्यंत रांगा. म्हणून माझी पद्धत अशी की २३ लाच सगळं. चिकनला हिरवा मसाला लावून पिशव्यांत गोठवून टाकायचं, ते एस्कीत बर्फाचं काम करतं आणि २५ पर्यंत हळूहळू सुटतं. एस्की म्हणजे इथली बर्फाची पेटी, दोन घ्या, एक फक्त पेयांची, कारण मुलं दर पाच मिनिटांनी उघडतात. हॅमचं अख्खं तंगडं बघून भुलू नका, कॅम्पच्या फ्रिजात बाकी काही मावत नाही, छोटा तुकडा घ्या आणि पाणी-व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेल्या सुती पिशवीत ठेवा. कोलंबी आणायचीच असेल तर त्याच दिवशी संपवायची, उरवायची नाही. गॅसच्या बार्बेक्यूवर वांगी भाजून भरीत, मक्याची कणसं, काकडीची कोशिंबीर, दही-भात, हे ३५ डिग्रीत केक आणि भाजलेल्या टर्कीपेक्षा कितीतरी बरं लागतं. हो, आणि चेरी. डिसेंबर हा इथला चेरीचा मोसम, रस्त्याकडेला स्टॉल दिसला की थांबा.

पिण्याचं पाणी भरून न्या. शेतावर पत्र्यावरच्या पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवलेलं असतं, तेच त्यांचं वर्षभराचं, तेव्हा तुमची टाकी भरायला मागू नका, आणि थोडं घेतलंत तर आजी-मुलांसाठी उकळा. गाडीतल्या संडासाची कॅसेट फार्मवर कुठेही रिकामी करायची नाही, त्यातलं केमिकल त्यांच्या सेप्टिक टँकमधले जंतू मारतं. त्यासाठी गावात ‘डंप पॉइंट’ असतात, २४ ला येताना रिकामी करून या. पाच माणसं, तीन दिवस, कॅसेट भरतेच, म्हणून फार्मवर टॉयलेट आहे का ते आधी विचारा. नसेल तर २६ ला गावात एक फेरी धरून चाला. आजींना रात्री उठावं लागत असेल तर गाडीच्या पायरीवर एक दिवा कायम चालू ठेवा, गाडीची पायरी उंच असते आणि पडायची खरी जागा तीच, साप नंतर.

साप. आहेत, टायगर स्नेक, कॉपरहेड, पण तुम्ही पाय आपटत चाललात तर तेच निघून जातात. बंद बूट, रात्री टॉर्च, लाकडांच्या ढिगात आणि पत्र्याखाली हात नाही, बूट रात्री आत. चावलाच तर गावाकडची दोरी बांधणं, चीर देणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही, जखम धुवायचीही नाही. माणसाला आहे तिथेच झोपवायचं, रुंद क्रेप बँडेज घट्ट, मुरगळलेल्या पायाला बांधतो तसं, पूर्ण हात किंवा पाय झाकेल इतकं, वर काठी बांधून अवयव हलू द्यायचा नाही, आणि ०००, हा इथला आणीबाणीचा नंबर. तीन-चार बँडेज गाडीत दाराजवळ ठेवा, बॅगेच्या तळाशी नाही. ‘इमर्जन्सी प्लस’ ॲपमध्ये तुम्ही नेमके कुठे आहात ते दिसतं, फोनवर तेच वाचून दाखवायचं. रेंज कुठे येते ते पहिल्याच संध्याकाळी चालून शोधून ठेवा, आमच्या एका फार्मवर ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची.

गेटचा नियम एकच, जसं दिसलं तसं सोडायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद, शहाणपणा करून ‘राहिलं असेल’ म्हणून लावायचं नाही, कारण पलीकडे पाणी असतं आणि गाई इकडे अडकतात. पांढऱ्या बारीक तारा दिसल्या तर त्यात करंट आहे समजा, धाकट्याला आधीच दाखवा. सूर्य मावळल्यानंतर आणि पहाटे गाडी रस्त्यावर नको, कांगारू आणि वॉम्बॅट तेव्हाच येतात.

२४ च्या रात्री मेलबर्नचा कॅरोल्स बाय कँडललाइट हा नाताळगीतांचा कार्यक्रम असतो, १९३८ मध्ये नॉर्मन बँक्स नावाच्या रेडिओ निवेदकाने सुरू केलेला, टीव्हीवर दाखवतात, रेंज असली तर बघा. खेड्यातल्या चर्चची मिस्सा मध्यरात्री असेलच असं नाही, एकाच फादरकडे चार गावं असतात, मग ती संध्याकाळी सात-आठलाच उरकते, तुम्ही मागच्या बाकावर बसलात तर कुणी काही विचारणार नाही. आणि २६ ला मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर क्रिकेटची बॉक्सिंग डे टेस्ट, रेडिओ लावून ठेवा. आमचे एक शेतकरी आजोबा धारांच्या शेडमध्ये फक्त तोच लावतात, गाईंना आवडतो म्हणे.

मालकांना काय द्यायचं विचारलंत. महाग वाइन वगैरे नको, त्यांना कानकोंडं होतं. बियरची पेटी चालते. आम्ही एकदा नुसता पातळ पोह्यांचा चिवडा दिला होता, भारतातून आणलेला नाही, इथेच कॅरॅव्हॅनच्या गॅसवर केलेला, शेंगदाणे जरा जास्त. पुढच्या वर्षी बुकिंगचा मेसेज केला तर उत्तरात तारखांच्या आधी चिवड्याचं विचारलं होतं.